दूध गारच राहतं तेव्हा

मायक्रोवेव्ह बिघडला की आमच्या ओळखीतल्या बायका मला फोन करतात. मी रत्नागिरीत ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते, एवढंच त्याचं कारण. दुरुस्ती मी करत नाही. पण फोनवर चार प्रश्न विचारले की बिघाड कुठे असावा याचा अंदाज येतो, आणि पुष्कळदा त्यासाठी मशीन उघडायची गरजच नसते.

सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार अशी: "दिवा लागतो, ताट फिरतं, आवाजही येतो, पण दूध गारच." यावर मी आधी दाराबद्दल विचारते. दाराच्या कडेला दोन हुक असतात. दार लावलं की ते आत जाऊन छोटे स्विच दाबतात. बहुतेक मॉडेलमध्ये असे तीन स्विच असतात. त्यातला एक जरी नीट दाबला गेला नाही, तरी दिवा आणि पंखा चालू राहतो आणि गरम करणारा भाग मात्र बंद. दार जरा उचलून, नीट दाबून लावल्यावर गरम व्हायला लागलं तर हुक झिजलाय किंवा बिजागरी ढिली झाली आहे असं समजावं. आपल्याकडे त्या दाराच्या हँडलला ओला नॅपकीन वाळत घालतात, लहान मुलं त्याला धरून उभी राहतात, कुणी उघड्या दारावर गरम भांडं टेकवतं. दार हा त्या मशीनचा सगळ्यांत नाजूक आणि सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे, हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

तीनपैकी तिसऱ्या स्विचचं काम मला फार आवडतं. पहिल्या दोघांनी दगा दिला, म्हणजे दार उघडं असूनही ते चिकटून राहिले आणि करंट चालूच राहिला, तर हा तिसरा मुद्दाम शॉर्ट करतो आणि फ्यूज उडवतो. अख्खं मशीन मरतं, पण दार उघडं असताना चालत नाही. म्हणून नुसता फ्यूज बदलून "झालं काम" म्हणणाऱ्या माणसाला जरूर विचारावं की फ्यूज उडाला कशाने.

दारातून लहरी बाहेर येतात का, हा पुढचा प्रश्न ठरलेला. घरगुती मायक्रोवेव्हच्या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटीमीटर असते, आणि काचेमागच्या जाळीची भोकं मिलिमीटर-दोन मिलिमीटरची. त्यातून उजेड येतो, म्हणून आपल्याला आतलं दिसतं, पण ही लांब लहर अडते. सुरक्षेच्या मानकांत मशीनपासून ५ सेंटीमीटरवर दर चौरस सेंटीमीटरला ५ मिलिवॉट ही गळतीची कमाल मर्यादा आहे, आणि अंतर वाढेल तशी गळती झपाट्याने कमी होते. मशीन बंद झालं की लहरी संपल्या, अन्नात काही उरत नाही. तेव्हा धडधाकट मशीनची भीती बाळगू नये. वाकलेल्या दाराची, फुटलेल्या काचेची आणि गंजून भोक पडलेल्या पत्र्याची बाळगावी. आमच्याकडे खाऱ्या हवेने हा गंज लवकर धरतो. आतला रंग फुगून पोपडा निघाला की तिथे ठिणग्या उडायला लागतात. असं मशीन वापरायचं थांबवावं. वरून घरचा ऑइलपेंट फासून चालत नाही.

ठिणग्यांचं दुसरं कारण बायकांना दाखवायला मला मुद्दाम त्यांच्या घरी जावं लागतं, कारण ते सांगून कळत नाही. आतल्या भिंतीवर, बहुधा उजवीकडे, पोस्टकार्डाहून लहान असा एक फिकट, चकचकीत तुकडा असतो. कागदासारखा दिसतो, पण असतो अभ्रकाचा. मेकॅनिक त्याला मायका शीट म्हणतात. लहरी ज्या वाटेने आत येतात त्या वाटेवरचं ते झाकण. पॅकिंगचा पुठ्ठा राहिलाय असं समजून तो ओढून काढलेली घरं मी पाहिली आहेत. न काढणाऱ्यांच्या घरी त्यावर मिसळीची तर्री, तूप, फोडणीचे शिंतोडे बसतात. ते पुसले नाहीत की जळून काळे होतात, काळा झालेला भाग म्हणजे कार्बन, कार्बनमधून वीज वाहते, आणि मग एक दिवस मशीनमध्ये फटाका वाजतो. घरचे लोक घाबरून नवीन मशीन घ्यायला निघतात. नवीन शीट अगदी स्वस्तात येते, मेकॅनिक ती कात्रीने मापाची कापून बसवतो. वेळेवर बदलली नाही तर मात्र मामला मॅग्नेट्रॉनपर्यंत, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या भागापर्यंत जातो आणि मग खर्च मशीनच्या किमतीच्या जवळ पोचतो. वाटीवर झाकण ठेवा, एवढं मी सगळ्यांना सांगते. घट्ट नको, वाफ जाईल असं.

"गरम होतं, पण पूर्वीसारखं होत नाही" ही आणखी एक तक्रार. ती संध्याकाळी येत असेल तर आधी व्होल्टेज पाहावं, खेड्यात तर हमखास. दिवसाही तसंच होत असेल तर घरच्या घरी तपासायची सोपी रीत आहे. काचेच्या भांड्यात १ लिटर पाणी घ्यायचं, तापमान मोजायचं, पूर्ण पॉवरवर १ मिनिट चालवायचं, ढवळून पुन्हा मोजायचं. जितके अंश वाढले त्याला ७०ने गुणलं की मशीन किती वॉट देतंय ते साधारण कळतं. २८ अंशांचं पाणी ३८ झालं तर ७०० वॉट. डब्यावर ८०० लिहिलं असेल तर ७०० ठीक आहे, ४०० आले तर मॅग्नेट्रॉन थकला असं समजा. ताप मोजायचा थर्मामीटर यासाठी चालत नाही. प्रयोगशाळेतला किंवा स्वयंपाकाचा लागतो.

हे सगळं मी आजवर मैत्रिणींना सांगत आले. पण ज्यांना सांगायला हवं होतं त्यांचा विचार मनात आला तो आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींमुळे. त्यांनी एकदा सरळ विचारलं, "वहिनी, काल तुम्ही केक केलात तो स्टीलच्या डब्यातच ना? मग मला स्टीलच्या वाटीत आमटी गरम करायला का नाही म्हणता?"

हा प्रश्न पुस्तिकेत कुठेतरी असेल. पण पुस्तिका इंग्रजीत असते, वॉरंटी कार्डाबरोबर ड्रॉवरमध्ये पडलेली असते आणि ती वाचतो तो माणूस मशीन क्वचितच लावतो. मशीन लावतात मावशी, दुपारी एकट्या असणाऱ्या सासूबाई, शाळेतून येऊन जेवण गरम करून घेणारी मुलं. त्यांना आपण "हे बटण दाबा, मग हे" एवढंच शिकवतो. का ते सांगत नाही. मला हे मनापासून खटकतं. ज्याचा हात रोज त्या दारावर असतो त्याला आत काय चालतं ते ठाऊक असायला हवं, आणि ते समजायला बारावी व्हावं लागत नाही.

मी मावशींना मशीनच्या आत बघायला लावलं. मागच्या बाजूच्या जाळीआड पंखा आणि कॉइल आहे. कन्व्हेक्शन लावलं की कॉइल तापते आणि पंखा गरम हवा फिरवतो. ती बेकरीची भट्टीच, तिथे पत्र्याचा, स्टीलचा, ॲल्युमिनियमचा डबा हवाच. मायक्रोवेव्ह लावलं की कॉइल बंद. तेव्हा बाजूने लहरी येतात, त्या अन्नातल्या पाण्याला आतल्या आत हलवतात आणि त्या हालचालीने अन्न तापतं. धातूवर आपटून त्या परत फिरतात, म्हणजे स्टीलच्या वाटीतली आमटी नीट तापत नाही, आणि भांड्याची कड भिंतीला टेकली किंवा आत काटाचमचा राहिला की ठिणगी. मावशींनी ऐकून घेतलं आणि स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे ते सोनेरी काठाचे कप पण नाही चालायचे. आणि दोन्ही एकत्र लावतात तेव्हा?" कॉम्बिनेशन मोडवरचा हा प्रश्न मला शिकलेल्या कुणी विचारला नव्हता. तेव्हाही आपलं धातूचं भांडं नको, कंपनीने दिलेलं स्टँड तेवढं चालतं.

मग त्या दिवशी आम्ही ओट्यावर सगळी भांडीच मांडली. श्रीखंडाचे रिकामे डबे बाजूला झाले. ते थंड पदार्थासाठी बनवलेले असतात, आणि भाजीतलं तेल पाण्यापेक्षा बरंच जास्त तापतं, तेव्हा पातळ प्लास्टिक मऊ पडतं. लग्नात मिळालेला मेलामाइनचा डिनर सेट बाजूला झाला. मेलामाइन मायक्रोवेव्हमध्ये स्वतःच तापतं, आणि तापलं की त्यातली द्रव्यं अन्नात उतरतात. वाढायला छान, गरम करायला नाही. हॉटेलच्या पार्सलमधली चांदीची कागदपट्टी, स्टेपलची पिन असलेली पिशवी, सगळं बाद. राहिली काचेची भांडी, साधी चिनीमातीची, आणि मायक्रोवेव्हसाठी म्हणून लिहिलेले डबे. गरम काच ओल्या ओट्यावर ठेवायची नाही हेही तेव्हाच ठरलं.

मावशींना मी अजून दोन-तीन गोष्टी बजावल्या, त्या इथेही बजावते. अख्खं अंडं, कवचासह असो वा उकडून सोललेलं, आत ठेवायचं नाही, ते फुटतं, आणि कधी कधी बाहेर काढून चमचा लावल्यावर तोंडासमोर फुटतं. बाळाची दुधाची बाटली तर कधीच नाही. लहरी सगळीकडे सारख्या पडत नाहीत, म्हणून एखादा घोट कोमट आणि पुढचा चटका देणारा असतो, बाटली हाताला मात्र गारच लागते. गुळगुळीत नव्या कपात नुसतं पाणी जास्त वेळ ठेवलं तर ते १०० अंशांच्या वर जाऊनही उकळल्यासारखं दिसत नाही, बुडबुडे यायला जागाच मिळत नाही. मग त्यात कॉफीची पूड पडली की सगळं एकदम उसळून हातावर येतं. पाणी तापवायचं तर आधीच लाकडी चमचा आत ठेवावा आणि झाल्यावर अर्धा मिनिट थांबावं. मशीन रिकामं चालवू नये, लहरींना शोषायला काही नसलं की त्या उलट मॅग्नेट्रॉनवरच जातात. लहान मुलं बटणं दाबत असतील तर आत पाण्याचा पेला ठेवून द्यावा.

आणि पापड किंवा मका आत पेटला तर दार उघडायचं नाही. आपला हात नेमका तिकडेच जातो. दार उघडलं की हवा मिळते आणि जाळ वाढतो. भिंतीवरचं बटण बंद करायचं, जमलं तर प्लग काढायचा, आणि बंद दारामागे ते आपोआप विझेपर्यंत थांबायचं.

रात्रीच्या भाताबद्दल थोडं सांगायला हवं, कारण फोडणीचा भात आपल्या घराघरांत होतो. भात तासन्‌तास बाहेर राहिला तर त्यात एका जातीचे जिवाणू वाढून विष तयार करू शकतात, आणि ते विष पुन्हा तापवून जात नाही. मायक्रोवेव्ह इथे मदतीला येत नाही. भात निवला की फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी गरम करताना मध्ये एकदा ढवळून, मधला भागही वाफाळेपर्यंत. पसरट भांडं घ्यावं, कारण लहरी अन्नात जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरच खोल शिरतात. ढिगाच्या मध्यापर्यंत उष्णता हळूहळू पोचते.

आता ओव्हन. आईच्या काळी नानकटाईचं पीठ मळून, पत्र्याच्या ट्रेमध्ये लावून बेकरीत न्यायचे, भट्टीवाला भाजून द्यायचा. मग घरोघरी तो ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला, झाकणात कॉइल आणि वर काचेची खिडकी असलेला. आता ओटीजी, म्हणजे ओव्हन, टोस्टर आणि ग्रिल एकत्र असलेला. भाजण्याचं तत्त्व तेच, आणि तक्रारीही त्याच त्या: वरून करपतं, आतून कच्चं. बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर घ्यावा. स्वस्तातल्या ओव्हनमध्ये आकडा आणि खरं तापमान यांत वीस-तीस अंशांचा फरक सहज निघतो. तो फरक एकदा कळला की केक सुधारतो.

पण कोकणातली खास तक्रार वेगळी आहे. मे महिन्यात शेवटचा वापरलेला ओटीजी गणपतीच्या सुमारास बाहेर काढतात, लावतात, आणि घरातला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडतो. सगळा अंधार. पुन्हा वर केला की पुन्हा पडतो. ओव्हन बिघडलेला नसतो, तो दमट झालेला असतो. ओव्हनच्या कॉइलमध्ये मधली तार आणि बाहेरची धातूची नळी यांच्यामध्ये एक पांढरी पूड गच्च भरलेली असते, मॅग्नेशियम ऑक्साइडची. ती वीज अडवते आणि उष्णता जाऊ देते. पण ती ओल शोषते. दोन-तीन महिने पावसाळी हवा टोकांतून आत शिरली की तिच्यातून थोडा करंट नळीवर आणि तिथून अर्थिंगला जायला लागतो. घरातला ईएलसीबी सहसा ३० मिलिॲम्पिअरला पडतो, आणि तो पडतो हे बरं, कारण तोच करंट ओव्हनच्या पत्र्याला हात लावणाऱ्याच्या अंगातून गेला असता.

यावर जो उपाय गावभर चालतो तो ऐकून माझा जीव खालीवर होतो. प्लगची मधली जाड पिन, म्हणजे अर्थिंगची, काढून टाकायची किंवा दोन पिनांचा प्लग लावायचा, की "ट्रिप होत नाही". होत नाही, कारण गळणाऱ्या करंटला जायला वाट राहिलेली नसते. तो पत्र्यावर वाट बघत असतो, आणि ओल्या लादीवर अनवाणी उभी असलेली बाई ती वाट होते. कृपा करून असं कुणी करू नका. कुणी वायरमन सुचवत असेल तर त्याला परत पाठवा. मेकॅनिक मेगर, म्हणजे करंट गळतोय का ते मोजायचं यंत्र, लावून कॉइल तपासतो, वाळवतो, नाहीच सुधारली तर बदलतो. आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ओव्हन थोडा वेळ तापवत राहिलं तर ओल धरतच नाही. शेंगदाणे भाजून घ्यावेत, रवा भाजावा.

प्लगची गोष्ट थोडक्यात. कन्व्हेक्शन किंवा मोठा ओटीजी २००० वॉटच्या आसपास खातो, म्हणजे ९ ॲम्पिअरच्या घरात. त्याला १६ ॲम्पिअरचा पॉवर प्लग हवा. मिक्सर, फ्रिज आणि ओव्हन एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर नको. वीस मिनिटं चालवून, बटण बंद करून, प्लग काढून हाताला लावून पाहा. चांगला गरम लागला किंवा पिन तपकिरी झाली असेल तर सॉकेट ढिलं आहे. मशीनवर घातलेलं भरतकामाचं कव्हर आणि त्यावरचे पोळ्यांचे डबे चालू असताना तरी काढावेत, गरम हवा बाहेर जायला त्या फटी असतात. त्याच फटींतून मुंग्या, झुरळं आणि पाली ऊब शोधत सर्किट बोर्डावर जातात. परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींकडे याच्या उलट दिसतं. माझ्या बहिणीच्या घरी, अमेरिकेत, मोठा ओव्हन कढया, तवे, प्लास्टिकच्या चाळण्या ठेवायचं कपाटच झालेला. तिला मी फोनवर एकच सांगते, बटण फिरवण्याआधी दार उघडून बघ, आणि सेल्फ-क्लीन, म्हणजे ओव्हन खूप तापून आतली घाण जाळतो तो मोड, तर आत काही नसल्याची दोनदा खात्री करून लाव, ते ४८० अंशांच्या आसपास जातं.

आता बाहेरच्या पत्र्याच्या आतलं. मायक्रोवेव्हचं काळीज म्हणजे मॅग्नेट्रॉन, आणि तो मुळात युद्धातला. १९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी रडारसाठी त्याचं दमदार रूप बनवलं. १९४५मध्ये अमेरिकेत रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर यांच्या लक्षात आलं की चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभं राहिल्यावर खिशातला गोड खाऊ वितळला. ओट्यावर मावेल असं घरगुती मशीन यायला १९६७ उजाडलं. रडारच्या या भागाला चालायला सुमारे ४००० व्होल्ट लागतात. आपल्या २३० व्होल्टचे ट्रान्सफॉर्मर २००० व्होल्टच्या आसपास करतो, आणि एक कपॅसिटर व डायोड मिळून ते दुप्पट करतात. कपॅसिटर म्हणजे वीज साठवणारा भाग, आणि तो प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. टीव्ही, मिक्सर, इस्त्री उघडणाऱ्या हौशी हातांना याची कल्पना नसते.

आमच्याकडे येणारा मेकॅनिक काम कसं करतो ते बघण्यासारखं आहे. प्लग काढून तो माझ्या हातात देतो, म्हणजे दुसरं कुणी लावणार नाही. मागचे स्क्रू काढून पत्रा उचलतो. मग "वहिनी, जरा मागे व्हा" म्हणतो, एक हात मागे घेतो, आणि लांब मुठीच्या इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरने कपॅसिटरची दोन टोकं जोडतो. मी पाहिलं तेव्हा काहीच झालं नाही. ना ठिणगी, ना आवाज. कपॅसिटरच्या आतच एक रेझिस्टर असतो, तो बहुतेक वेळा साठलेला चार्ज आधीच काढून टाकतो. मी हे म्हटल्यावर तो म्हणाला, "असतो ना, पण तो गेलाय की आहे हे बाहेरून दिसत नाही." आणि मग पुन्हा एकदा टोकं जोडून त्याने कामाला सुरुवात केली. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, आयटीआय केलेला. एवढ्या शिस्तीच्या माणसाला भेटीचे पैसे देताना घासाघीस करू नये असं मला वाटतं.

म्हणूनच मोबाईलवरचे काही व्हिडिओ पाहून मला काळजी वाटते. जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढायचा, ओल्या लाकडाला दोन टोकं लावायची आणि विजेने जळत जाणारी झाडासारखी नक्षी बघायची. ती दिसते सुंदर. परदेशात अनेक जण यात जागच्या जागी गेले आहेत. हा करंट पकडला तर सोडत नाही, आणि ईएलसीबीलाही तो कळत नाही, कारण ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची बाजू घरच्या वायरिंगपासून वेगळी असते. बारावीचा एक मुलगा भंगारवाल्याकडून असा ट्रान्सफॉर्मर घेऊन माझ्याकडे आला होता, प्रोजेक्टसाठी. त्याला मी वर्गासमोर उभं करून गणित करायला लावलं: २००० व्होल्ट, ओल्या हाताचा रोध, किती करंट. उत्तर फळ्यावर लिहून तो गप्प बसला. ट्रान्सफॉर्मर मी ठेवून घेतला.

त्या मुलाला रिकाम्या हाती पाठवणं मला पटलं नाही. मोडीत निघालेल्या मायक्रोवेव्हमध्ये शिकण्यासारखं बरंच असतं. मॅग्नेट्रॉनवरची दोन गोल चुंबकं मेकॅनिक सांभाळून काढून देतो. मधला सिरॅमिकचा भाग मात्र फोडायचा नाही, काहींमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक. बाकीचं मशीन आम्ही ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे देतो. देशात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत आणि मायक्रोवेव्ह त्यात येतो. चुंबकं आता प्रयोगशाळेच्या कपाटात आहेत, आणि त्या मुलाने त्यांच्यावर तांब्याचा जाड पत्रा झुलवून त्याची गती कशी मंदावते ते प्रोजेक्टमध्ये दाखवलं.